मराठवाड्यात जागेची गुंतवणूक मांडायची तर आधी फाइल, मग फायदा

मराठवाड्यात ज्याच्या हाती वीस-पंचवीस लाख मोकळे आहेत, त्याच्या दारात प्लॉटिंगवाल्यांची ये-जा असतेच. प्रत्येकाजवळ गुळगुळीत ब्रोशर, समृद्धी महामार्गाचा नकाशा आणि 'तीन वर्षांत डबल' हे पाठ केलेलं वाक्य. समोरचा चहा पाजतो, 'बघतो, कळवतो' म्हणतो आणि विषय तिथंच संपतो. फायदा त्याला नको असतो असं नाही. पण मल्टिस्टेट पतसंस्थांत अडकलेल्या ठेवी त्यानं पाहिल्यात, भूसंपादनाच्या मावेजावर डोळा ठेवून आलेली 'तीस-तीस' योजना बिडकीन-पैठण-कन्नड पट्ट्यात कशी बुडाली तेही त्याला माहीत आहे. मोठा आकडा ऐकला की तो आता पुढं सरकत नाही, मागं सरकतो.

म्हणून तुम्ही विकासक असाल आणि भागीदार जमवत असाल, तर मांडणीचा क्रम उलटा ठेवा. आधी कागद, मग जागा, मग हिशेब, मग धोका आणि सगळ्यात शेवटी पैशाची मागणी. पुढची माहिती आठ-दहा जणांनी मिळून तीन-पाच एकरांचं प्लॉटिंग करायचं, हे डोळ्यासमोर ठेवून दिली आहे. फ्लॅटची स्कीम किंवा गोदाम असलं तरी बराचसा भाग तसाच लागू पडतो.

जमिनीचा इतिहास आधी स्वतः वाचा

सातबारा कोरा आहे, एवढ्यावर इथं भागत नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं जुन्या नोंदी वेगळ्या आणि कायदेही वेगळे. वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्याच, पण त्याच्याही मागं जा. तहसीलच्या अभिलेख कक्षातून खासरा पाहणी पत्रक (जुनी कब्जा-पिकाची नोंद) आणि भूमी अभिलेखमधून सेतवारची (जुन्या मोजणीच्या क्षेत्र-आकाराच्या नोंदीची) नक्कल काढा. जमीन मुळात इनामी होती का, मदतमाश (निर्वाहासाठी दिलेली) की खिदमतमाश (सेवेच्या मोबदल्यात दिलेली), देवस्थानाची की वक्फची, कुळाची की सिलिंगमध्ये वाटलेली, हे तिथं कळतं. आजच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 1', म्हणजे विकायला सरकारी परवानगी न लागणारी जमीन, असं छापलेलं असलं तरी मधल्या एखाद्या फेरफारात परवानगी न घेता वर्ग बदललेला असू शकतो. असा फेरफार दहा वर्षांनीही रद्द होऊ शकतो. म्हणून पहिल्या नोंदीपासून आजपर्यंत प्रत्येक फेरफाराची नक्कल क्रमानं लावा आणि एक साखळी तयार करा. साखळीतली एक कडी सापडत नसेल तर ती सापडेपर्यंत कुणाला भेटायला जाऊ नका.

सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना सगळे घाईत वाचतात आणि भांडणं तिथूनच निघतात. सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज, कुळाचं नाव, भूसंपादनाचा शेरा, बहिणींची नावं असं सगळं तिथं असतं. बहिणींचा विषय वेगळा काढून बोलावा इतका महत्त्वाचा आहे. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच. 'त्या काही मागणार नाहीत' या भावाच्या शब्दावर व्यवहार केला, की प्लॉटचे भाव चढले त्याच वर्षी दिवाणी दावा येतो. सगळ्या बहिणींच्या सह्या खरेदीखतावरच घ्या. हक्कसोडपत्र असेल तर ते नोंदणीकृत आहे ना, ते पाहा. वारसांत कुणी अज्ञान (अठरा वर्षांखालचं) असेल तर त्याचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागते. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच स्पष्ट केलं आहे.

यानंतर सरकारी मोजणी. 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली की प्रत्यक्ष ताबा आणि नकाशा जुळतो का ते बांधावर फिरून बघा. चार एकरांच्या जागी तीन एकर चौतीस गुंठे भरणं ही नवलाची गोष्ट नाही. पण सहा गुंठे म्हणजे 6,534 चौरस फूट, आणि तेवढ्यानं हिशेब बदलतो. सोबत स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या, तिची मुदत संपू द्या आणि कात्रण फाइलला लावा.

शेतजमीन, बिगरशेतकरी आणि पैशाची चौकट

इथं नेहमी एक मोठी चूक होते. डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी असे दहा जण एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी संस्था) काढतात, पैसे जमा होतात, आणि मग कळतं की ती एलएलपी शेतजमीन घेऊच शकत नाही. मराठवाड्याला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 लागू आहे आणि त्यानुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही. अपवाद आहेत, पण ते आपल्या गटाला लागू पडतात का याचं वकिलाचं लेखी मत घ्या. तोंडी 'होऊन जातं' वर जाऊ नका. सरळ वाट अशी: शेतकऱ्याशी नोंदणीकृत साठेखत (पुढं खरेदी करण्याचा करार) किंवा विकसन करारनामा करा, जमीन त्याच्याच नावावर असताना बिगरशेती आदेश आणि लेआउटची मंजुरी मिळवा, मग खरेदी. वेळ जास्त लागतो, पण गुंतवणूकदाराचा मोठा पैसा बिगरशेती झाल्यावरच जमिनीत जातो. ही गोष्ट प्रस्तावात ठळक सांगण्यासारखी आहे.

गुंठेवारीचा, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्यानं तुकडे विकण्याचा, मोह टाळा. तुकडेबंदीच्या नियमांत सवलती येत राहतात, जुनी बांधकामं नियमित होत राहतात. पण त्या भरवशावर कुणी आज नव्यानं गुंठ्या-गुंठ्यानं विक्री सुरू केली तर तो प्रस्ताव समजूतदार गुंतवणूकदारापुढं ठेवण्याच्या लायकीचा नाही.

पैसे कसे घेणार, हे फायद्याइतकंच महत्त्वाचं. 'महिन्याला दोन टक्के खात्रीनं देतो' असं लिहून किंवा बोलून लोकांकडून पैसे घेतले, तर ती जागेतली भागीदारी राहत नाही, ठेव होते. मग अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा, 2019 आणि महाराष्ट्राचा ठेवीदारांच्या हितरक्षणाचा 1999 चा कायदा दारात उभे राहतात. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर उसनवार पावती आणि सोबत कोरा चेक, हा आपल्याकडचा आवडता प्रकार दोन्ही बाजूंना घातक आहे. आठ-दहा ओळखीच्या माणसांसाठी एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी पुरेशी असते. करारनाम्यात भांडवल, नफ्यातला वाटा, तोट्यातला वाटा, सह्यांचे अधिकार आणि बाहेर पडण्याची अट लिहा. अनोळखी लोकांकडून जाहिरात करून पैसे गोळा करायचे असतील तर सेबीचे नियम लागतात. तो खेळ वेगळा, आणि लहान विकासकानं त्यात उतरू नये.

महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचं, म्हणाल तर जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर प्लॉटिंगलाही नोंदणी लागते, आणि नोंदणीआधी जाहिरात करता येत नाही. व्हॉट्सॲपवर फिरवलेलं 'प्री-लाँच ऑफर'चं चित्रसुद्धा जाहिरातच. नोंदणीनंतरच्या जाहिरातीत क्रमांकासोबत क्यूआर कोड हवा. प्लॉटधारकांकडून येणाऱ्या रकमेपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते कामाच्या प्रमाणात, वास्तुविशारद, अभियंता व सीए यांच्या दाखल्यांवरच काढता येतात. म्हणजे बुकिंग आलं की लगेच भागीदारांना वाटप, असं होत नाही. नोंदणीकृत करारनाम्याआधी प्लॉटधारकाकडून 10 टक्क्यांहून जास्त रक्कमही घेता येत नाही. शिवाय विक्रीच्या रकमेत वाटा घेणारा गुंतवणूकदार महारेराच्या लेखी ग्राहक नसून प्रवर्तक, म्हणजे विकासकाच्या बाजूचा, ठरू शकतो. त्याला संरक्षण कमी आणि जबाबदारी जास्त. हे त्याला आपणच आधी सांगावं. दुसऱ्याकडून कळलं तर विश्वास संपतो.

जागा: रस्ता, पाणी, माती

'समृद्धी टच' हे शब्द प्रस्तावातून काढून टाका. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, दोन्ही बाजूंनी कुंपण असलेला. त्याला लागून असलेल्या शेतातून त्यावर चढता येत नाही. किंमत ठरते ती इंटरचेंजपासूनच्या, म्हणजे महामार्गावर चढायच्या-उतरायच्या जागेपासूनच्या अंतरावर. छत्रपती संभाजीनगरजवळच्या सावंगी किंवा माळीवाड्याच्या इंटरचेंजपासून गाडीनं किती मिनिटं, तो रस्ता किती रुंद, हे लिहा. प्लॉटपर्यंत जाणारा रस्ता कागदावर आहे का, तेही बघा. पाणंद आहे, वहिवाट आहे, पण मंजूर नकाशात रस्ता नाही, अशा जमिनीचा लेआउट अडकून बसतो.

होऊ घातलेल्या प्रकल्पांबाबत एक पायरी-पट्टी वापरा: घोषणा, अधिसूचना, भूसंपादन, निविदा, प्रत्यक्ष काम, वापर सुरू. आपल्या जागेजवळचा प्रकल्प आज कोणत्या पायरीवर आहे ते तारखेसह लिहा. शेंद्र्याची औद्योगिक वसाहत डोळ्यांनी दिसते, तिच्यावर भाव सांगता येतो. शक्तिपीठ महामार्गासारख्या वादात सापडलेल्या आखणीवर एक रुपयाही चढवू नका. चढवायचाच असेल तर 'झालं तर' या वेगळ्या ओळीत.

पाण्याचा प्रश्न इथं पहिल्या पाच मिनिटांत येतो. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे कुणी विसरलेलं नाही. बोअरची क्षमता एप्रिल-मे महिन्यात मोजून घ्या. सप्टेंबरातला आकडा कुणी मानणार नाही, मानूही नये. नळयोजना असेल तर ग्रामपंचायतीचं किंवा महापालिकेचं पत्र जोडा.

आणि माती. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट टाकलेला रस्ता दोन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो. काळी माती उकरून मुरूम भरायचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवा. माळावरच्या मुरमाड जमिनीला हा खर्च जवळपास नाही. एकरी भाव जास्त असूनही ती स्वस्त पडू शकते. तीन-चार ठिकाणी खड्डे घेऊन थराची खोली मोजली आणि फोटो लावले, तर समोरच्याला कळतं की या माणसानं काम केलंय. गुंतवणूकदाराला जागा दाखवायची तर एकदा भर पावसाळ्यात दाखवा. गाडी रुतली तरी चालेल. तसं आधी सांगून ठेवा.

हिशेब: एकच उदाहरण, पण शेवटपर्यंत

समजा, चार एकर. म्हणजे 1,74,240 चौरस फूट. रस्ते, 10 टक्के खुली जागा, कोपरे-कापरे जाऊन विकण्याजोगं 55 टक्क्यांच्या आसपास उरतं. आपण 95,000 चौरस फूट धरू. जमीन एकरी 60 लाखांनी 2 कोटी 40 लाख. मुद्रांक, नोंदणी, वकील 15 लाख. बिगरशेती, मोजणी, लेआउट मंजुरीचा खर्च 20 लाख. रस्ते, नाल्या, पाणी, वीज 1 कोटी 20 लाख. अडीअडचणीसाठी त्याच्या दहा टक्के, 12 लाख. बेरीज 4 कोटी 7 लाख.

विक्रीचा भाव 700 रुपये फूट धरला तर 6 कोटी 65 लाख येतात. दलाली आणि जाहिरात 4 टक्के, म्हणजे 26 लाख 60 हजार. एकूण खर्च सुमारे 4 कोटी 34 लाख, शिल्लक 2 कोटी 31 लाख. खर्चावर 53 टक्के! बहुतेक सादरीकरणं इथंच थांबतात आणि खरा हिशेब इथून सुरू होतो.

53 टक्के मिळायला तीन वर्षं लागली तर चक्रवाढीनं वर्षाला 15.3 टक्के पडतात. पाच वर्षं लागली तर 8.9. आता कर. एलएलपीच्या नफ्यावर 30 टक्के दर, वर अधिभार आणि उपकर मिळून एका वर्षात नफा कोटीच्या वर गेला तर साधारण 35 टक्के. करानंतर हाती दीड कोटी. म्हणजे तीन वर्षांत वर्षाला 10.4 टक्के, पाच वर्षांत 6.1. एलएलपीतून मिळालेल्या नफ्याच्या वाट्यावर भागीदाराला पुन्हा आयकर नसतो, म्हणून या आकड्याची तुलना एफडीच्या कर कापून उरलेल्या व्याजाशी करा. तुमचा विकासक म्हणून असलेला वाटा यातूनच जाणार, तोही वेगळा दाखवा. आणि भाव 700 ऐवजी 600 मिळाला तर? विक्री 5 कोटी 70 लाख, शिल्लक 1 कोटी 40 लाख, करापूर्वीच तीन वर्षांत वर्षाला 9.9 आणि पाच वर्षांत 5.8 टक्के. इथं सगळी रक्कम पहिल्या दिवशी गेली आणि शेवटच्या दिवशी आली असं धरलंय. टप्प्याटप्प्यानं जात-येत असेल तर तारखा टाकून एक्सेलमध्ये एक्सआयआरआर (तारखांनुसार काढलेला वार्षिक परतावा) काढा, आकडा थोडा सुधारेल.

भाव आणि मुदत या दोनच गोष्टी निकाल ठरवतात, आणि त्यातही मुदत जास्त क्रूर. म्हणून भाव अंदाजानं टाकू नका. दुय्यम निबंधक कार्यालयातून किंवा नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरून दोन किलोमीटरच्या आतल्या, गेल्या बारा महिन्यांतल्या पाच खरेदीखतांची सूची क्रमांक 2 (नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा) काढा. रेडीरेकनरचा दर शेजारी लिहा. काही व्यवहार कागदावर कमी दाखवले जातात, त्यामुळं दोन स्थानिक दलालांकडून प्रत्यक्ष सुटलेला भावही विचारा. फलकावरचा भाव नव्हे. तुमचा धरलेला भाव या सगळ्यांच्या मधल्या आकड्यापेक्षा खाली असावा.

फाइल आणि बैठक

फाइल मराठीत, दहा-बारा पानांची, मागं कागदपत्रांच्या नकला. पहिल्या पानावर गट क्रमांक, क्षेत्र, मालकी कुणाची, एकूण खर्च, किती रक्कम हवी, तुमची स्वतःची किती, मुदत आणि सगळ्यात वाईट परिस्थितीतला आकडा. आकडे लाखांत, भाव गुंठ्याचा आणि फुटाचाही, कारण शेतकरी गुंठ्यात विचार करतो आणि डॉक्टर फुटात. सजावटीची कमान, स्विमिंग पूल, गोऱ्या कुटुंबाचा हसरा फोटो, हे सगळं प्लॉट विकताना वापरा, पैसे मागताना नको.

माणसागणिक भर बदलतो. लातूरच्या आडत व्यापाऱ्याला पैसा कधी मोकळा होणार ते आधी सांगा. सोयाबीनच्या हंगामात, दिवाळीच्या मागंपुढं, त्याचा पैसा मालात असतो, त्या काळात हप्ता ठेवू नका. जालन्याचा कारखानदार दोन मिनिटांत परताव्यावर येतो आणि तुमचे स्वतःचे किती लागलेत ते विचारतो. ते दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा कमी असतील तर तिथंच उठवतो. डॉक्टरांना वेळ नसतो, त्यांना सीए आणि वकिलाचा फोन नंबर द्या. निवृत्त गुरुजींची ग्रॅच्युइटी आणि एकुलता एक मावेजा मात्र घेऊ नका. ज्याला पाच वर्षं त्या पैशाची गरज पडणार नाही, त्याच्याचकडून आणि त्याच्या बचतीच्या एका भागापुरतंच.

बैठक त्याच्या घरी, संध्याकाळी. घरातली बाई आणि थोरला मुलगा समोर असू द्या. नकार बहुधा त्यांच्याकडून येतो, तोही मागाहून. पाऊण तास पुरे. पहिली पंधरा मिनिटं कागदांवर, मग नकाशा, मग हिशेबाचं पान. 'तोटा होऊ शकतो का?' असं विचारलं तर उत्तर एकच: "होऊ शकतो काका. भाव सहाशेच्या खाली आला आणि मंजुरीला दोन वर्षं उशीर झाला, तर बँकेपेक्षा कमी सुटेल. पान सातवर मांडलंय." 'गॅरंटी देता का?' या प्रश्नावर: "कागदाची जबाबदारी घेतो, भावाची नाही." आणि 'अर्धे नगदी चालतील का?' याला स्पष्ट नाही म्हणा. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो, आणि वादाच्या वेळी रोखीचा पुरावा कुणाकडंच नसतो.

त्याच दिवशी टोकन मागू नका. फाइल ठेवा, त्याच्या वकिलाला दाखवा म्हणा, दहा दिवसांनी फोन करा. पितृपक्ष जवळ असेल तर फोनही त्यानंतरच. उगाच नकार ओढवून घेण्यात अर्थ नाही.

पैसे आल्यावर

रक्कम एकदम घेऊ नका. साठेखताच्या वेळी 15 टक्के, बिगरशेती आदेश आणि मंजूर लेआउटनंतर खरेदीखताला 50, उरलेले 35 रस्ते-नाल्यांच्या कामाला, अशी विभागणी वरच्या उदाहरणाला बसते. हप्ता चुकवणाऱ्याचं काय करायचं ते करारात आधीच ठरवा, नाहीतर दोघांच्या उशिरापायी बाकी आठ जणांचं काम थांबतं. बाहेर पडायची अटही तिथंच: पहिली दोन वर्षं वाटा विकता येणार नाही, त्यानंतर आधी भागीदारांना विचारायचं, त्यांनी साठ दिवसांत घेतला नाही तर बाहेर. किंमत कशी काढायची त्याचं सूत्र लिहा. 'बाजारभावानं' एवढंच लिहिलं की भांडण ठरलेलं. भागीदार वारला तर वारसाला वाटा मिळेल, सहीचा अधिकार मिळणार नाही, ही ओळ बरेच जण विसरतात.

दर तिमाहीला दोन पानं पाठवा: बँकेचा उतारा, कोणती परवानगी कोणत्या टेबलावर आहे, किती प्लॉटचे करार नोंदले, ठरल्या वेळेपेक्षा किती मागं आहोत आणि का. मंजुरी अडकली तर तीही त्याच तिमाहीत कळवा, आवक क्रमांकासह.